सिंथचा स्वर घडवताना: आधी व्हॉल्यूमचा एन्व्हलप, मग फिल्टरचा

तबल्यावर एक 'ना' वाजवा आणि पेटीवर त्याच पट्टीतला सा धरा. सूर एकच, पण डोळे मिटून ऐकणाऱ्या लहान मुलालाही कोणता तबला आणि कोणती पेटी हे कळतं. या फरकाचा मोठा भाग वेळेत दडलेला आहे. 'ना' बोट उठतं त्याच क्षणी सर्वांत मोठा असतो, मग फक्त विरत जातो. पेटी मात्र भाता चालू आहे तोवर तशीच उभी असते आणि बोट उचललं की लगेच गप्प होते. तंबोऱ्याची तार छेडल्यावर कितीतरी वेळ रेंगाळते आणि रेंगाळता रेंगाळता तिचा रंगही बदलत जातो.

सिंथसायझरमध्ये हे वेळेतलं वागणं आपल्याला ठरवून द्यावं लागतं. ते ठरवणाऱ्या भागाला एन्व्हलप म्हणतात. बहुतेक सिंथवर निदान दोन असतात: एक व्हॉल्यूमचा, एक फिल्टरचा. फिल्टर म्हणजे आवाजातला काही भाग कापणारी चाळणी. नवशिके फिल्टरवर आधी झडप घालतात, कारण गंमत तिथे जास्त दिसते. मीही तेच केलं आणि फिल्टरच्या एन्व्हलपचे चारही नॉब फिरवून झाले तरी आवाज ढिम्म होता. यंत्र बिघडलं असावं असं वाटलं. ते बिघडलं नव्हतं, माझा क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे, आणि त्याच क्रमानं करून पाहावा ही विनंती.

रिकाम्या पॅचपासून सुरुवात

महागडं वाद्य लागत नाही. सर्ज एक्सटी नावाचा सिंथ फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरशिवाय एकटाही उघडतो. आधी तो विकतचा होता. २०१८ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. तुमच्याकडे दुसरा कुठला असेल तरी बिघडत नाही, ऑसिलेटर (मूळ लाट तयार करणारा भाग), फिल्टर आणि दोन एन्व्हलप असले म्हणजे झालं.

प्रीसेट चाळू नका. तयार प्रीसेटमध्ये रिव्हर्ब, डिले, कोरस असे इफेक्ट आणि कुठे कुठे जोडलेली डझनभर मॉड्युलेशन (एका भागानं दुसऱ्याला आपोआप हलवणं) असतात. एक नॉब फिरवला की नेमकं काय बदललं हे कानाला कळत नाही. सर्जमध्ये टेम्प्लेट्स या गटात 'इनिट सॉ' नावाचा पॅच, म्हणजे नॉबांची जुळणी, आहे, तो घ्या. एकच ऑसिलेटर, करवतीच्या दातांसारखी लाट, इफेक्ट नाहीत. ऐकायला अगदीच कर्कश, गुणगुणत्या डासासारखा. आपल्याला हाच हवा, कारण या लाटेत सगळे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, भरलेले असतात आणि फिल्टरला कापायला भरपूर माल मिळतो. साइन लाट घेतलीत तर त्यात मूळ सुराशिवाय काहीच नसतं. फिल्टर बिचारा कापणार काय?

हेडफोन असतील तर आवाज निम्म्यावर आणा. पुढे रेझोनन्स (फिल्टर जिथून कापतो तिथला आवाज उचलणारा नॉब) वाढवताना अचानक शिट्टी फुटते, आणि कान बदलून मिळत नाहीत.

व्हॉल्यूमचा एन्व्हलप

१९६४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या गावी बॉब मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच मूगच्या पहिल्या सिंथची जुळवाजुळव करत होते. स्वराला सुरुवात आणि शेवट कसा द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा मूगनी डॉइचना समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दारावरच्या घंटीचं बटण आणायला सांगितलं. बटण दाबलं की स्वर उमटतो, सोडलं की विरतो. पुढच्या वर्षी संगीतकार व्लादिमीर उसाचेव्स्की यांनी याला चार टप्प्यांची शिस्त लावून मागितली आणि नंतर आर्प या कंपनीनं त्यांना दिलेली सुटसुटीत नावं जगभर रुळली: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज.

अटॅक म्हणजे की दाबल्यापासून आवाज शिखरावर जायला लागणारा वेळ. डिके म्हणजे शिखरावरून खाली उतरायला लागणारा वेळ. रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर शांत व्हायला लागणारा वेळ. आणि सस्टेन? सस्टेन हा वेळ नाही. इथे जवळजवळ प्रत्येकाची गल्लत होते. सस्टेन ही पातळी आहे: डिके संपल्यावर, बोट दाबलेलं असेपर्यंत, आवाज ज्या उंचीवर थांबतो ती. 'सस्टेन वाढवला तरी स्वर लांबत नाही' अशी तक्रार करणाऱ्याला बहुधा डिके किंवा रिलीज हवा असतो.

आता हात चालवा. सर्जमध्ये उजवीकडे खाली दोन एन्व्हलप शेजारी शेजारी आहेत; त्यातला 'अँप' लिहिलेला घ्या. फिल्टर सध्या बंदच राहू द्या.

पेटी करायची असेल तर अटॅक २० ते ३० मिलिसेकंद ठेवा, सस्टेन पूर्ण, रिलीज १०० मिलिसेकंदांच्या आसपास. डिकेला इथे काही काम नाही: सस्टेन शिखराइतकाच उंच असेल तर उतरायला उतारच नसतो.

तबला करायचा तर अटॅक जवळजवळ शून्य, सस्टेन पूर्ण शून्य, डिके ३०० मिलिसेकंद, रिलीजही तेवढाच. बोट धरून ठेवा, तरी स्वर मरतो. डिके ६० वर आणा, टिचकी होते. २ सेकंदांवर न्या, तार होते. एका स्लायडरमध्ये तीन वाद्यं.

अटॅक अगदी शून्य केल्यावर प्रत्येक स्वराच्या आधी बारीकसा 'टक्' ऐकू येतो का? लाट मधूनच एकदम सुरू होते म्हणून तो येतो. ढोलकीसारख्या आवाजाला तो शोभतो. बाकी ठिकाणी अटॅक ३ ते ५ मिलिसेकंदांवर आणला की जातो. शेवटी टक् येत असेल तर रिलीजला तोच उपाय.

रिलीजबद्दल माझी एक लाजिरवाणी आठवण. एका ऑर्केस्ट्राच्या तालमीत मी घरी फार प्रेमानं केलेला पॅड, म्हणजे मागे लांब पसरणारा मऊ आवाज, वाजवला. रिलीज चार सेकंद. घरी एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून ऐकताना देवळात बसल्यासारखं वाटत होतं. तालमीत गाणं द्रुत निघालं, दर मात्रेला कॉर्ड बदलत होता, आणि आधीचे तीन कॉर्ड विरायच्या आत चौथा त्यांच्या अंगावर पडत होता. गायिकेनं मागे वळून पाहिलं. तेव्हापासून रिलीज मी गाण्याच्या लयीत वाजवूनच ठरवतो, एकटा स्वर ऐकून नाही.

फिल्टर: आधी स्थिर, मग हलता

आता फिल्टर १ चालू करा आणि लोपास प्रकारातला १२ किंवा २४ डेसिबलचा निवडा. लोपास खालचं जाऊ देतो, वरचं अडवतो. कुठून अडवायचं ती जागा म्हणजे कटऑफ. १२ आणि २४ हे आकडे अडवण्याचा उतार सांगतात: कटऑफच्या वर प्रत्येक सप्तकाला आवाज तितके डेसिबल पडत जातो. मूगच्या १९७० च्या मिनीमूग सिंथचा फिल्टर २४ चा होता. त्याचा तो जाड, गोलसर आवाज बऱ्याच अंशी तिथून येतो.

एन्व्हलपला हात लावण्याआधी एक प्रयोग कराच, कारण त्यानंतर फिल्टर कायमचा कळतो. खर्जातली पांढरी सहा धरा, ११० हर्ट्झची. कटऑफ अगदी खाली आणा. रेझोनन्स बराच वाढवा, शिट्टी फुटण्याच्या जरा अलीकडे. आता कटऑफ अगदी हळू, मुंगीच्या पावलांनी वर न्या. आधी सा ऐकू येईल, मग वरचा सा, मग ३३० हर्ट्झवर पंचम, ४४० वर पुन्हा सा, आणि ५५० वर गांधार. तंबोरा जमून आला की कोणी न वाजवताही जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हाच. सिंथ तो तयार करत नाही, करवती लाटेत तो आधीपासून असतो. रेझोनन्स फक्त कटऑफजवळच्या स्वराला उचलून धरतो. आपल्याकडच्या कानांना फिल्टर शिकवायला याहून सोपा धडा मला माहीत नाही.

रेझोनन्स आता पुन्हा खाली आणा, २० टक्क्यांच्या आसपास.

कटऑफ ३०० हर्ट्झवर ठेवा. आवाज बंद दारामागून आल्यासारखा होईल. आता फिल्टरच्या एन्व्हलपकडे या: अटॅक शून्य, डिके २०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य, रिलीज २००. वाजवा. काहीच बदललं नाही ना? मी जिथे अडकलो होतो ती जागा हीच. एन्व्हलप चालतोय, पण त्यानं कटऑफ किती हलवायचा हे सांगितलेलं नाही. त्यासाठी वेगळा स्लायडर असतो. मिनीमूगवर त्याला 'अमाउंट ऑफ कंटूर' म्हणत, कुठे 'एन्व्ह मॉड' म्हणतात, कुठे नुसतं 'डेप्थ'. रिकाम्या पॅचमध्ये तो शून्यावर असतो. सर्जमध्ये त्याचं माप सेमीटोनमध्ये (एका सप्तकात बारा) दिसतं. ३६ वर न्या, म्हणजे तीन सप्तकं: ३०० हर्ट्झवरचा कटऑफ स्वराच्या सुरुवातीला २४०० पर्यंत उडी मारेल आणि २०० मिलिसेकंदांत परत खाली येईल. 'टुंव' असा आवाज आला की समजा जमलं.

लक्षात घ्या, कटऑफचा नॉब आता 'फिल्टर कुठे आहे' हे सांगत नाही, 'कुठून निघतो आणि कुठे परततो' हे सांगतो. कटऑफ आधीच टोकाला असेल तर एन्व्हलपला वर जायला जागाच नसते. फिल्टरची हालचाल ऐकू येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा डेप्थ शून्य असते किंवा कटऑफ आधीच उघडा असतो.

दोघांचं एकमेकांशी

व्हॉल्यूमचा एन्व्हलप आधी का, ते आता दिसेल. त्यानं आवाज बंद केला की फिल्टर आत काय करतो आहे हे कोणालाच ऐकू येत नाही. फिल्टरचा रिलीज तीन सेकंद आणि व्हॉल्यूमचा ५० मिलिसेकंद असेल, तर ते तीन सेकंद वाया. व्हॉल्यूमचा सस्टेन शून्य असेल तर फिल्टरचा सस्टेन कितीही उंच ठेवा, डिके संपल्यावर ऐकायला काही उरत नाही.

छेडलेल्या तारेचा नियम असा: वरचे हार्मोनिक्स आधी मरतात, मूळ सूर उशिरा. सतार, गिटार, पियानो, सगळ्यांचं तेच. म्हणून अशा आवाजात फिल्टरचा डिके व्हॉल्यूमच्या डिकेपेक्षा छोटा हवा. व्हॉल्यूमला ८०० मिलिसेकंद आणि फिल्टरला २०० दिले की तार वाटते. उलट करून पाहा, व्हॉल्यूमला २०० आणि फिल्टरला ८००. काहीतरी मध्येच कापल्यासारखं वाटेल. कोणत्याही लाकडी वाद्याला असं वागणं माहीत नाही.

फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांचा नियम निराळा. साठच्या दशकात बेल लॅब्समध्ये ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटच्या स्वरांचं संगणकावर विश्लेषण केलं. स्वर जसजसा मोठा होतो तसतसे वरचे हार्मोनिक्स जास्त प्रमाणात वाढतात, हे त्यांना दिसलं. म्हणजे चमक मोठेपणाच्या मागोमाग येते. सिंथवर हे फार सोपं आहे: व्हॉल्यूमचा अटॅक ३० मिलिसेकंद, फिल्टरचा ९०. कटऑफ २५०, डेप्थ ३६, फिल्टरचा डिके ३००, सस्टेन ६० टक्के. व्हॉल्यूमचा सस्टेन पूर्ण. तीन बोटांचा कॉर्ड मारा, लग्नाच्या वरातीतला बँड दारात आला. फिल्टरचा अटॅक ९० वरून ५ वर आणलात तर तोच बँड एकदम स्वस्त खेळण्यासारखा वाजू लागतो. ऐंशी-पंच्याऐंशी मिलिसेकंदांत एवढं असतं.

पॅडबद्दल फार सांगत नाही: व्हॉल्यूमचा अटॅक सेकंदाच्या आसपास, फिल्टरचा त्याच्या दुप्पट, रिलीज लयीप्रमाणे. बाकी तुमची चव. डेप्थ उणे करून पाहायला मात्र विसरू नका. तेव्हा फिल्टर एन्व्हलपच्या उलट चालतो, म्हणजे एन्व्हलप वर जाईल तसा मिटत जातो आणि खाली उतरताना पुन्हा उघडतो.

सगळ्या वाद्यांत दोन एन्व्हलप असतातच असं नाही. रोलंड कंपनीच्या १९८४ च्या जुनो-१०६ सिंथमध्ये एकच होता, फिल्टरला आणि व्हॉल्यूमला सामाईक. सोय म्हणून एक खटका होता: व्हॉल्यूमला एन्व्हलपऐवजी नुसतं चालू-बंद ठेवता येई, मग तो एकुलता एन्व्हलप फिल्टरला मोकळा मिळे. याहून कंजूष म्हणजे टीबी-३०३. रोलंडनं १९८१ च्या अखेरीस गिटारवाल्यांना साथीला बास मिळावा म्हणून ते काढलं. फिल्टरच्या एन्व्हलपला फक्त डिकेचा नॉब, शेजारी कटऑफ, रेझोनन्स, एन्व्ह मॉड आणि ॲक्सेंट. व्हॉल्यूमचा एन्व्हलप आत ठरलेला. खऱ्या बाससारखं ते कधीच वाजलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण १९८२ मध्ये मुंबईत, हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हे यंत्र, ज्युपिटर-८ सिंथ आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले. तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. शिकागोत याच यंत्रावर अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत उभं राहिलं ते नंतर, आणि सिंग यांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जग चाट पडलं.

तो आवाज हवा असेल तर: रेझोनन्स ७० टक्क्यांपर्यंत, कटऑफ खाली, डेप्थ ३० सेमीटोन, फिल्टरचा डिके २०० ते ४००, सस्टेन शून्य; व्हॉल्यूमचा सस्टेन पूर्ण, रिलीज छोटा. सिंथ मोनो करा, म्हणजे एका वेळी एकच स्वर, आणि पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं, थोडा द्या. आणि वाजवताना एन्व्हलपला हात न लावता फक्त कटऑफ हळूहळू फिरवत राहा. मींड पोर्टामेंटो देतो, रंग तुमचा हात.

आवाजाची पातळी

व्हॉल्यूम एकाच जागी नसतो. ऑसिलेटरची पातळी मिक्सरमध्ये, त्यापुढे अँपचा गेन, शेवटी आउटपुट. मिक्सरमधली पातळी फिल्टरच्या आधी येते, म्हणून ती वाढवली की अनेक फिल्टर भरडले जातात आणि आवाज जाड, किंचित फाटका होतो. हे मुद्दाम करायचं असेल तर उत्तम. नुसता मोठा आवाज हवा असेल तर आउटपुट वाढवा.

रेझोनन्स वाढवला की बऱ्याच फिल्टरांत, विशेषतः मूगच्या धाटणीच्या, खालचा खर्ज पातळ होतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, वरची शिट्टी आणखी टोचते, पुन्हा कटऑफ खाली आणतो, खर्ज तरी येत नाही. हे चक्र सोडा आणि रेझोनन्स जरा कमी करा.

कानाची एक खोडही ओळखून असा. फिल्टर उघडला की आवाज मोठाही होतो, आणि मोठा आवाज आपल्याला नेहमी चांगला वाटतो. दोन पॅचमधला कोणता बरा हे ठरवताना आधी दोन्हींची पातळी सारखी करा. मी यामुळे कितीतरी 'सुधारलेले' पॅच फेकून जुन्यांकडे परतलो आहे.

एकटा स्वर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या खाली ठेवा. चार स्वरांचा कॉर्ड सरासरी ६ डेसिबलनं वाढतो, आणि चौघांची शिखरं एकावर एक आली तर १२ नं. एकट्या स्वराला शून्यापर्यंत नेलंत तर कॉर्ड फाटणारच.

व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात मारली, ती बहुतेक पॅचमध्ये व्हॉल्यूमला जोडलेली असते. फिल्टरच्या डेप्थलाही थोडी जोडा. जोरात मारलेला तबला नुसता मोठा नसतो, त्याची धारही वाढते. मात्र कॉम्प्युटरच्या टायपिंगच्या कीबोर्डवर वाजवत असाल तर प्रत्येक स्वर सारख्याच जोरात जातो. तेव्हा हे जोडून काही कळणार नाही. साधा २५ कींचा मिडी कीबोर्ड असेल तर इथे तो कामाला येतो.

वरच्या सप्तकात पॅच मंद आणि खाली टोचरा वाटत असेल तर कीट्रॅक पाहा. पूर्ण असेल तर कटऑफ सुराबरोबर वर सरकतो. शून्य असेल तर तो जागचा हलत नाही आणि वरचे स्वर त्याखाली गुदमरतात. मी बासला शून्याच्या जवळ ठेवतो, बाकीच्यांना निम्म्यावर.

पॅच सेव्ह करण्याआधी तो एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, त्यामुळे हेडफोनवर पोटात घुमणारा बास तिथे गायब होतो. तेव्हा व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही. फिल्टरची डेप्थ चार-पाच सेमीटोन वाढवा. स्वराच्या सुरुवातीचे वरचे हार्मोनिक्स तेवढ्या छोट्या स्पीकरातूनही निघतात, आणि मूळ सूर आला नाही तरी त्यांच्यावरून कान तो ओळखतो.